धोंडाई कासारीण आणि गोजराचा हात

आमच्या आंबेखोऱ्यात सडक नव्हती, दुकान नव्हतं, पण धोंडाई कासारीण होती, तेव्हाची ही गोष्ट. माझ्या पणजीच्या लहानपणची. डोक्यावर बांगड्यांची पेटी घेऊन धोंडाई सात वाड्या चढायची-उतरायची. तिची हाक आली की चुलीवरचं दूध उतू गेलं तरी बायका धावायच्या. असं म्हणतात, की चेहरे तिच्या लक्षात राहत नसत, पण एकदा धरलेला हात ती डोळे मिटून ओळखायची. आता दुकानात बांगड्या आपल्या आपण चढवायच्या. तो मऊ हात आणि "सैल सोड गं बाय" हे बोलणं गेलं ते गेलंच.

एका वैशाखात गोजराचं लग्न ठरलं. बापाविना वाढलेली पोर. नवरामुलगा दूरचा, अंगात रेशमी कोट, बोलणं गोड. हुंडा नको, मानपान नको, चार दिवसांत मुलगी द्या, एवढंच. सगळी वाडी हुरळून गेली. घर बघायला मात्र कुणी गेलं नाही. एवढ्या लांब तंगडतोड कोण करणार? धोंडाईनंही हसत हसत हिरवा चुडा भरला.

नागपंचमीला लेकी माहेरी आल्या. बांगड्यांसाठी एकेक हात पुढे झाला, पण त्यात गोजराचा हात नव्हता. धोंडाई तशीच उठली आणि नवऱ्यामुलानं सांगितलेल्या गावी चालत गेली. तिथं त्या नावाचा माणूसच नव्हता. लग्नाच्या नावाखाली पोर विकली गेली होती.

"चुडा म्या भरला," धोंडाई म्हणाली, "आता म्याच तिला आणीन."

असं म्हणतात, ती तीन वर्षं चालली. शहरोशहरी बंद दारांपुढं उभी राहून हाक द्यायची. एके दुपारी एका माडीखाली तिनं हाक दिली, तेव्हा तळाच्या खिडकीच्या गजांतून चार-पाच हात बाहेर आले. त्यातला एक धरला आणि तिनं डोळे मिटले.

"गोजरा?"

आत हुंदका फुटला. तेव्हा म्हणे पेटीतल्या सगळ्या बांगड्या आपोआप किणकिणल्या, इतक्या मोठ्यानं की अख्खा बाजार गोळा झाला आणि दाराची कडी गळून पडली. कुणी सांगतं, बाजारातल्या बायांनीच दार फोडलं. मला तेही खरं वाटतं.

गोजरा घरी आली, तर वाडीतल्या काहींनी तोंडं फिरवली. चूक त्यांची आणि लाज म्हणे तिनं बाळगायची! याचा मला अजून राग येतो. धोंडाईनं तिला आपल्याकडं ठेवलं, बांगड्या भरायला शिकवलं. पुढच्या लग्नात चुडा भरायला गोजराच बसली. तिनं नवरीचा हात हातात घेतला, पण बांगडी काही चढवेना. मग भर मांडवात तिनं विचारलं, "ही जातेय ते घर कुणी पाहिलंय?"

कुणीच पाहिलं नव्हतं. लग्न थांबलं. दोन दिवसांनी मुलीचा मामा ते घर पाहून, तिथं जेवून परत आला, तेव्हा कुठं चुडा भरला गेला.

आजही आंबेखोऱ्यात चुड्याआधी हा प्रश्न विचारतात. कुणीतरी उभं राहून "मी पाहिलंय, जेवून आलोय" म्हणावंच लागतं. शहरात कामाला निघालेल्या पोरापोरींनाही एस.टी.त बसण्याआधी "ती जागा कुणी पाहिलीय?" असं विचारतात. परवाच्या साली एका मांडवात कुणीच उभं राहिलं नाही. नवरदेवाची माणसं मुकाट्यानं गाडीत बसून निघून गेली. ती मुलगी यंदा बारावीला बसलीय.