ठकू सुईण आणि खंडोबाचा किडा

माळावरच्या एका गावात ठकू नावाची एक म्हातारी सुईण राहत असे. चाळीस वर्षांत निम्मं गाव तिच्या हातांवर जन्मलं होतं. आता ती दमली होती. दारात कुणाची सावली पडली, की तिला नको वाटे. पुन्हा कुणाकडे तरी जायचं, पुन्हा ताटकळत बसायचं.

घरात ती एकटीच. तिने किडे पाळले होते. एका मडक्यात ओली माती घालून शंभर पायांची लाल वाणी ठेवली होती. एका परडीत हिरवागार चमकणारा सोनकिडा होता. आणि बांबूच्या उंच पिंजऱ्यात होता खंडोबाचा किडा, गवताच्या काडीसारखा सडपातळ. हात जोडल्यासारखे पुढचे पाय धरून तो तासन्‌तास एका जागी उभा राही. गावातल्या बायका हसत. ठकू म्हणे, "हे मला हाका मारत नाहीत गं."

खंडोबाच्या किड्याला ती रोज जिवंत माशा पकडून आणून देई. तो डोकं वळवून तिच्याकडे बघे. तेवढंच तिला पुरे होतं.

एकदा त्याने खाणं सोडलं. चौथ्या दिवशी सकाळी ठकू एक अवघड बाळंतपण उरकून घरी आली. दोन दिवस तिच्या डोळ्याला डोळा लागला नव्हता. पाहते तर किडा पिंजऱ्याच्या छताला उलटा लटकलेला. पाठीवरची कातडी उकललेली. अर्धा बाहेर आलेला, अर्धा आत अडकलेला.

तो कात टाकत होता. हे तिला नीट ठाऊक होतं. ती पिंजऱ्यासमोर बसली. किडा जरासा सरके आणि थांबे. पुन्हा सरके, पुन्हा थांबे. ठकूची मान लवत होती.

"उरक रे बाबा आता," ती पुटपुटली. मग तिने दोन बोटांत जुनी कात धरली आणि हलकेच ओढली.

कात निघाली. पण पुढचा पाय अजून लोण्यासारखा मऊ होता. तो वाकडा झाला आणि तसाच वाळला.

शेजारची भागा आली. तिने पिंजऱ्यात डोकावून पाहिलं. "मावशी, हात लावायचा नसतो, हे तुम्हाला ठाऊक नव्हतं होय?"

"ठाऊक होतं."

"मग?"

"मला निजायचं होतं," ठकू म्हणाली.

आता त्याला भक्ष्य धरता येईना. आठ दिवस ठकूने त्याच्या तोंडाशी माशी धरून त्याला भरवलं. नवव्या दिवशी तो मेला.

त्याच आठवड्यात गोजराबाईच्या सुनेला, पारूला, पहाटेपासून कळा सुरू झाल्या. ठकू गेली. दुपार कलली तरी सुटका होईना. ठकूने पोटावरून हात फिरवला. मूल सरळ होतं. पारूच्या अंगात ताकद होती. सगळं ठीक होतं, फक्त वेळ लागत होता.

गोजराबाई मात्र घाबरली. "ठकूबाई, काहीतरी करा! ओढून काढा, पण सोडवा माझ्या सुनेला!"

ठकूचे हात शिवशिवले. पाठ दुखत होती. डोळे मिटत होते. आपण ओढलं तर लवकर सुटू, असं तिच्या मनात आलं आणि ती दचकली. त्या 'सुटू'मध्ये पारू नव्हती. ती स्वतःच होती.

ती उठली, बाहेर आली आणि म्हणाली, "वाडीवरच्या शेवंताला बोलवा."

गोजराबाई बघतच राहिली. "शेवंताला? आपल्या गावात दुसरी सुईण पाऊल टाकणार नाही, असं तुम्हीच म्हणायचात ना?"

"म्हणायचे. पण पारूचं सगळं नीट आहे, गोजरा. दमलेय ती मी. आज माझ्या हातांचा मला भरवसा नाही."

हे बोलायला तिला जड गेलं. चाळीस वर्षांत ती असं कधी बोलली नव्हती. अंगणात जमलेल्या बायका कुजबुजल्या, म्हातारी संपली आता. ठकूने ते ऐकलं. तरी ती जागची हलली नाही.

शेवंता आली. दाराशी येऊन घुटमळली. ठकूने तिला आत घेतलं आणि एवढंच सांगितलं, "घाई करू नकोस. तिला वेळ दे."

शेवंता ताजीतवानी होती. ती पारूचा हात धरून शांत बसून राहिली. दिवेलागणीला पारूला मुलगी झाली. मायलेकी दोघी सुखरूप होत्या.

गोजराबाई आनंदाने ठकूला सांगायला धावली. ओसरीवर पोत्याला टेकून ठकू गाढ झोपली होती. गोजराबाईने हाक मारायला तोंड उघडलं आणि मिटलं. मग आतून घोंगडी आणून तिने म्हातारीच्या अंगावर घातली.

तात्पर्य: दमलेल्या माणसाला आपली घाई हीच दुसऱ्याला केलेली मदत वाटू लागते. म्हणून दुसऱ्याच्या जिवाला हात लावण्याआधी आपला थकवा ओळखावा, आणि तो कबूल करायला लाजू नये.