कासाराच्या दमणीची कुरकुर

फार मागची गोष्ट. रस्त्यांवर माती कमी आणि दगड जास्त असत, त्या काळातली. एका राज्यात एक कासार राहत होता. गावोगावी जाऊन बांगड्या विकायचा. त्याच्याकडे बैलांची छपराची दमणी होती आणि दमणीखाली लोखंडी कमानी होत्या. चाकाखाली दगड आला की कमानी दबायच्या, वरच्या काचेला पत्तासुद्धा लागायचा नाही.

माल कासाराचा, पण धंदा चालायचा तो कासारणीच्या हातांवर. ती बांगडी भरायची तेव्हा मनगटाला ओरखडा म्हणून उठत नसे. जत्रेत बायका विचारत यायच्या, "वहिनी कुठं बसल्यात?" कासार कुठं बसलाय, हे आजवर कुणी विचारलं नव्हतं. माणूस हसतमुख होता, पण हे त्याला आत कुठंतरी टोचायचं.

वर्षाची मोठी जत्रा तोंडावर आली आणि जुन्या कमानी लवल्या. कासारानं नव्या आणल्या. लोहार म्हणाला, "गाडी घेऊन या शेठ, बसवून देतो."

"का? मला काय हात नाहीत?"

त्यानं अंगणात दमणी दगडांवर उचलून धरली. चाकं अधांतरी लोंबत होती. पाना घेऊन त्यानं एकेक पेच दातओठ खाऊन आवळला. मग रिकामी गाडी अंगणात फिरवून पाहिली. आवाज नाही की हिसका नाही. स्वारी खूश!

दुसऱ्या दिवशी मालाच्या पेट्या चढल्या, मागच्या अंगाला कासारीण बसली आणि पहिल्याच दगडावर गाडी बोलली, "कुर्रर्र... टक!"

कासार उतरला. आसाला वंगण घातलं. कुर्रर्र. जोखडाच्या दोऱ्या बदलल्या. कुर्रर्र. कंदील काढला, पाण्याची घागर काढली, बैलालाही दोन शिव्या दिल्या. टक!

"अहो," कासारीण म्हणाली, "तुम्ही कमानी आवळल्यात तेव्हा गाडी हवेत होती. तिच्यावर ना माल होता, ना मी. हात ताठ असताना मी कधी बांगडी रेटते का? आधी मनगट सैल होऊ देते. कमानीलाही ओझ्याखाली बसू द्या, मग आवळा."

"आता बांगड्या भरणारी मला गाडी शिकवणार!" कासार म्हणाला. "कमानी नव्या आहेत. जुनं असेल तर तुझं बूड. उतर जरा खाली."

ती उतरली. गाडी चार पावलं पुढं गेली. आवाज बंद.

"सापडली खोट!" कासारानं टाळी वाजवली.

"आवाज थांबला म्हणजे खोट गेली असं नाही हो. ओझं उतरलं, एवढंच."

"मग ओझ्यानं चालत यावं."

कासारणीनं गाडीतून आपलं गाठोडं घेतलं. तिचं माहेर शेतापलीकडंच होतं. पायवाटेनं ती गेली, मागं वळून न बघता. कासारानंही हाक मारली नाही. गाडी किती छान चालली होती!

पण रिकामी जागा व्यापाऱ्याला कुठली सोसवते? पुढच्या गावात त्यानं आणखी एक भरली पेटी घेतली आणि बायकोच्या जागी ठेवली. कुर्रर्र... टक! या वेळी खाली उतरवायला कुणी नव्हतं. पेटी उतरवायची तर नफा उतरणार. कासारानं डोकं लढवलं, बैलांच्या गळ्यात मोठ्या घंटा बांधल्या. घंटांच्या नादात कुरकुर बुडाली, आणि तो गाणं गुणगुणत निघाला.

जत्रेच्या अलीकडच्या उतारावर कमानीचा एक पेच, रिकाम्या गाडीवर आवळलेला आणि ओझ्याखाली पिळवटलेला, तुटला. दमणी एका अंगावर कलली, पेट्या घसरल्या, आणि वर्षभराची काच रस्त्यावर पसरली. जत्रेला निघालेल्या बायका पदर सावरत, पाय जपत तिथून गेल्या. एकीनं विचारलं, "वहिनी कुठंयत?"

काचांत बसून त्यानं तुटलेला पेच हातात घेतला. पीळ डोळ्यांनी दिसत होता. त्यानं नवा पेच घातला, बाकीचे सैल केले, गाडीत दगड भरले, कमानी बसू दिल्या, आणि मग आवळल्या. काम एवढंच होतं. दमणी पाण्यावरून जावी तशी चालली.

तो थेट सासुरवाडीच्या दारात गेला. कासारीण उंबऱ्यावर आली.

"गाडी नीट झाली?"

"झाली. तू म्हणालीस तसंच केलं. ये, बसून बघ."

"आता आवाज येत नाही ना?"

"मुळीच नाही!"

"मग राहू द्या," ती म्हणाली. "मी बसलेली नाही, म्हणून येत नसेल."

आणि तिनं दार लावून घेतलं. कासार त्यानंतरही पुष्कळ जत्रा फिरला. दमणीनं पुन्हा कधी हूं की चूं केलं नाही. ती शांतता त्याला जन्मभर ऐकावी लागली.

तात्पर्य: खोट दाखवणाऱ्याला खाली उतरवलं की गाडी गप्प होते, दुरुस्त होत नाही.