साठाव्या दिवसाचा दोर

नदीच्या वळणावर वसलेल्या एका बाजारगावात एकदा एक वृद्ध कथेकरी साठ दिवस चालणारी एक कथा सांगत होते. गाव त्यांना नुसते 'बुवा' म्हणे. चैत्रात कथा सुरू व्हायची, रोज तिसऱ्या प्रहरी, देवळासमोरच्या चिंचेखाली. गावाची एक रीत होती. श्रोत्याने रिकाम्या हाताने यायचे नाही. मूठभर तांदूळ, पसाभर डाळ, एखादे वांगे, घरात जे असेल ते आणायचे. कथा झाली की ते सारे एकाच हंड्यात शिजायचे आणि त्याच पंगतीत पाटलापासून गुराख्यापर्यंत सगळ्यांनी बसून खायचे. त्या खिचडीला दरवर्षी वेगळीच चव यायची आणि दरवर्षी लोक म्हणायचे, यंदासारखी झाली नव्हती.

बुवांचा एक शिष्य होता, मार्तंड. पंचविशीतला, हुशार, अक्षर मोत्यासारखे. बुवा रोज जे सांगत ते तो शब्दन् शब्द वहीत उतरवून घेई. पुढे बुवांचे आसन त्यालाच मिळणार, हे सगळे धरून चालले होते, आणि खरे सांगायचे तर तोही.

पाचव्या दिवशी कथेतल्या एका तपस्विनीने भविष्य वर्तवले: 'राजवाड्यातला नंदादीप एके दिवशी विझेल, आणि घराचा सर्वांत धाकटा वारस अनवाणी पायांनी उंबरा ओलांडील, तेव्हा तो पुन्हा पेटेल.'

झाले! कथेत धाकटी म्हणावी अशी दोन माणसे होती. एक वनवासात वाढलेला राजपुत्र, राजाच्या रक्ताचा. दुसरी त्याच्याहून दोन वर्षांनी लहान मुलगी, राजाने पुरातून उचलून आणलेली आणि लेक म्हणून वाढवलेली. मग वारस कोण? रक्ताचा की मानलेला? बुवांना विचारावे तर ते हसून पुढच्या प्रसंगाला लागत.

बुवा बोलेनात, म्हणून गाव बोलू लागले. राजपुत्रवाले म्हणाले, बुवा त्याचे नाव घेताना दोनदा पाणी प्यायले. उगीच पितील का? कन्यावाले म्हणाले, चौदाव्या दिवशी तिची वहाण नदीत वाहून गेली. अनवाणी ती झाली, तो नव्हे. राजवाड्याच्या पायऱ्या बावीस, तर बावीसच का, यावर न्हाव्याच्या ओट्यावर दोन दिवस खल चालला. तुम्हाला हसू येत असेल. पण ज्यांनी एखाद्या कादंबरीमालिकेच्या पुढच्या भागाची चार-चार वर्षे वाट पाहिली आहे आणि मधल्या काळात परक्या माणसांशी मोबाइलवर हमरीतुमरी केली आहे, त्यांनी तरी हसू नये.

तिसाव्या दिवशी कन्यावाल्यांनी हंडा वेगळा केला. कारण काय, तर 'त्यांच्या' डाळीत 'आमचे' तांदूळ कशाला! चिंचेखाली दोन चुली पेटल्या. बुवांनी दोन्हीकडे पाहिले आणि त्या दिवसापासून ते कोणत्याच पंगतीला बसले नाहीत, घरी जाऊन दहीपोहे खाऊ लागले. तेही कोणाच्या ध्यानात आले नाही.

वहाणेचा शोध मार्तंडचा होता. त्यामुळे तो कन्यावाल्यांचा पंडितच झाला. आणि राजपुत्रवाल्यांचा म्होरक्या होता त्याचा सख्खा थोरला भाऊ, भैरव. आईबाप लवकर गेले, तेव्हा या भैरवनेच धाकट्याला जेवूखाऊ घालून वाढवला होता. एके दिवशी ताटावर वाद निघाला. भैरव म्हणाला, ''रक्त ते रक्त रे.'' मार्तंड म्हणाला, ''तुझ्यासारख्या अडाण्याला कथा कळते कधी?'' ते भैरवला झोंबले. ''तुला एवढं कळतं ना, मग त्या शहाण्यांच्यातच जाऊन जेव!'' मार्तंड भरल्या ताटावरून उठला तो थेट देवळाच्या ओवरीत राहायला गेला. त्याला महिना होऊन गेला.

भैरवची बायको सगुणा मात्र रोज सकाळी ओवरीशी येऊन उभी राहायची. ''भावोजी,'' अशी हाक मारायची. मार्तंड वहीतून मान वर न करता म्हणायचा, ''वहिनी, लिहितोय. नंतर.'' ती थोडी थांबायची आणि जायची.

असा साठावा दिवस उजाडला. आज कथेचा शेवट होता.

सकाळीच गुळाचा व्यापारी ओवरीत आला. कन्यावाल्यांच्या चुलीला लाकूडफाटा त्याचाच. बाहेर डोकावून बघत तो हलक्या आवाजात म्हणाला, ''मार्तंडपंत, बातमी पक्की आहे. शेवट मनासारखा झाला नाही तर ती मंडळी काठ्या काढणार आहेत. आम्हीही काही बांगड्या भरलेल्या नाहीत. काठ्या सतरंजीखाली ठेवल्यात.''

मार्तंडने लेखणी खाली ठेवली. ''मग मी काय करू?''

''भैरव पैलवान गडी. त्याला आवरणारा गावात कोणी नाही. पण तो तुमच्यावर हात उचलायचा नाही. तुम्ही त्याच्या पुढ्यात उभं राहायचं. तो कचरला, की पहिला घाव तुमचा.''

मार्तंड नाही म्हणाला नाही. हो म्हणायलाही त्याची जीभ रेटली नाही. व्यापाऱ्याने ते होच धरले.

तो गेला आणि सगुणा आली. आज ती दाराशी थांबली नाही, आत आली. ''भावोजी, तुमच्या पाया पडते. आज ह्यांच्या शेजारी बसा. कथा कशी का संपेना.''

''माझी जागा बुवांच्या पायाशी आहे, वहिनी.''

''मग एवढं तरी ऐका, रोज मी...''

''नंतर, म्हटलं ना!'' तो ओरडलाच. ती डोळ्यांना पदर लावून निघून गेली. मार्तंडला आपलीच लाज वाटली. पण लाज गिळून त्याने वही उघडली आणि वहाणेचा उतारा पुन्हा एकदा वाचून काढला.

तिसऱ्या प्रहरी चिंचेखाली मुंगी शिरायला जागा नव्हती. डावीकडे राजपुत्रवाले, उजवीकडे कन्यावाले, मध्ये दोन हात मोकळी जमीन. एरवी बायका पाठीमागे बोलत बसत. आज त्याही चिडीचूप. भैरव पहिल्या रांगेत होता, आणि त्याची मांडी जिथे होती तिथे सतरंजी उंच दिसत होती. मार्तंडच्याही सतरंजीखाली कोणीतरी आणून ठेवलेली काठी त्याच्या घोट्याला टोचत होती.

बुवा आले. हातात पोथी नव्हती. खांद्यावर विहिरीच्या दोराचे वेटोळे आणि हातात पोहरा होता. दोन्ही त्यांनी आसनापुढे ठेवले, हात जोडले आणि डोळे मिटून बसून राहिले. 

घटका गेली. कुजबुज सुरू झाली.

''दोर! वंशाचा दोर! अखंड असतो तो. राजपुत्रच!'' डावीकडून कोणी ओरडले.

''आणि पोहरा रे? पाण्यातून वर काय येतं? पुरातून कोण आली?'' उजवीकडून उत्तर गेले.

''बुवांनी दोर आधी ठेवला!''

''पोहरा उजवीकडे ठेवलाय, आमच्या बाजूला!''

माणसे गुडघ्यांवर आली. एका सतरंजीखालून काठी सरकली, मग दुसऱ्या. भैरव उठून उभा राहिला. व्यापाऱ्याने मार्तंडच्या पाठीला कोपर लावले. मार्तंड उठला. काठी हातात कधी आली हे त्याला समजलेही नाही. दोघा भावांमध्ये आता ती दोन हातांची मोकळी जमीन तेवढी होती. भैरवचे डोळे लाल झाले होते; तो रागावला आहे की रात्रभर झोपलेला नाही, हे मार्तंडला कळेना. 

''मार्तंडा,'' बुवांनी डोळे उघडले. ''वही आण. एकोणपन्नासाव्या दिवसाची शेवटची ओळ वाच. मोठ्याने.''

गुरूची आज्ञा. मार्तंडने काठी बगलेत धरली आणि पान काढले. ''दिव्याला तेल घालणारी म्हातारी पाणी काढायला विहिरीवर गेली. दोर तुटला, ती आत पडली आणि कपारीला धरून हाका मारू लागली.''

''पन्नासाव्याची.''

''नंदादीप विझला.'' मार्तंड अडखळला. त्या ओळीभोवती त्याने लाल शाईने तीनदा चौकट काढली होती, कारण भविष्य खरे ठरू लागले होते. चौकटीच्या बाहेर त्याच्याच अक्षरात आणखी एक ओळ होती. ''विहिरीतून हाक येत होती.''

''एक्कावन्न.''

''विहिरीतून हाक येतच होती.''

''बावन्न.''

''हाक येतच होती.''

तो पाने उलटत गेला. समासात त्याची टिपणे होती: पायऱ्या बावीस, वहाण डावी की उजवी, बुवा इथे खाकरले. आणि प्रत्येक दिवसाच्या शेवटी, त्याच्याच मोत्यासारख्या अक्षरात, तीच ओळ. अकरा दिवस त्याने ती हाक आपल्या हाताने लिहिली होती. छप्पन्नाव्या दिवशी हाक क्षीण झाली होती. एकोणसाठाव्या दिवशी लिहिले होते, ''कान देऊन ऐकल्यास हाक ऐकू येत होती.'' ते वाचून त्याने वही मिटली.

 मग पाठीमागून, बायकांच्या रांगेतून, सगुणा रडत ओरडली, ''अहो, मग कोणीतरी काढा की तिला वर! एवढे बाप्ये बसलाय ना!''

बुवांनी दोरावर हात ठेवला. ''अकरा दिवस मी तिला विहिरीत ठेवली,'' ते शांतपणे म्हणाले. ''वाटलं, उद्या कोणी विचारील, उद्या कोणी विचारील. दिवा का विझला यावर तुम्ही ओटे दणाणून सोडलेत. तेल घालणारी बाई विहिरीत पडली म्हणून तो विझला, ही साधी गोष्ट एकालाही सुचली नाही. बाळांनो, भविष्यवाणी खोटी नाही. ऐकणाऱ्याने जागं राहावं, भेटेल त्याच्याकडे नीट पाहावं, कोण जाणे हाच तो असेल, म्हणून ती कथेत घालतात. तुम्ही उलटं केलंत. उत्तर आधी ठरवलंत, आणि मग उत्तराच्या उपयोगाचं तेवढंच ऐकलंत. वारस कोण, ते मला ठाऊक आहे. पण ती म्हातारी वर आल्याशिवाय मी एक अक्षर पुढे सांगणार नाही. काढा तिला. कशी काढायची ते तुम्ही सांगा.''

 गुळाचा व्यापारी खाकरला. ''दोर तुटलाय म्हणता... माझ्या गाड्यांचे नाडे आहेत. चांगले जाड आहेत, नवे,'' तो ओशाळून म्हणाला.

''नुसता दोर सोडून काय उपयोग? म्हातारीच्या हातात धरायचं बळ कुठे उरलंय?'' डावीकडून एक जण म्हणाला. ''खाली माणूस उतरला पाहिजे.''

''मी उतरतो,'' भैरव म्हणाला. त्याने हातातली काठी खाली टाकली. मग मान न उचलता, जड आवाजात म्हणाला, ''पण वरती दोर धरायला भरवशाचा माणूस हवा.''

सगळे गाव मार्तंडकडे बघू लागले. मार्तंडच्या बगलेतली काठी केव्हाच गळून पडली होती. तो ती दोन हातांची जमीन ओलांडून गेला, बुवांपुढचा दोर त्याने उचलला आणि त्याचे एक टोक भावाच्या हातात दिले.

''मी धरतो, दादा.''

म्हातारी वर यायला दिवस मावळला. कोणी कपार दाखवली, कोणी झोळी बांधायची युक्ती सांगितली; एका म्हाताऱ्याने तर तिला आधी गरम पेज द्या म्हणून धोशा लावला. त्या दिवशी कथा बुवांनी सांगितलीच नाही, गावाने सांगितली. मग एकच चूल पेटली. लाकडे कमी पडली तेव्हा कोणीतरी सतरंज्यांखालच्या काठ्या गोळा करून आणल्या. बुवा तीस दिवसांनी पंगतीला बसले आणि दोनदा मागून घेतले.

वारस कोण, ते त्यांनी एकसष्टाव्या दिवशी सांगितले. मी ते इथे सांगत नाही. तुमच्यातही दोन चुली व्हायच्या.

पंगत उठल्यावर मार्तंड सगुणेपाशी गेला. मान खाली घालून म्हणाला, ''वहिनी, माझं चुकलं. तुम्ही रोज सकाळी काय सांगायला येत होतात?''

''सांगायचं कसलं, भावोजी,'' ती भांडी आवरता आवरता म्हणाली. ''हेच रोज उठल्याबरोबर पाठवायचे. म्हणायचे, जाऊन विचारून ये, मार्तंड काल जेवला का.''

मार्तंडने वही घेतली, त्या दिवसाचे पान उघडले आणि बराच वेळ काहीच लिहिले नाही. मग ती मिटून त्याने ओवरीतले आपले अंथरूण गुंडाळले आणि भावाच्या मागोमाग घरी गेला.