धामणकड्यावर न बोलता घ्यायचं धनुष्य

वर आलात तसे जरा डावीकडे बघा. कड्याच्या पोटात ही जी लांबट कपार आहे, तिच्यात ऊन शिरत नाही आणि पावसाचं पाणीही येत नाही, वारा मात्र इकडून तिकडे खेळत असतो. आत मनगटाएवढ्या जाडीच्या फांद्या आडव्या रचलेल्या दिसतात त्या धामणीच्या झाडाच्या. साल अंगावर तशीच आणि दोन्ही टोकांना लाख थापलेली. धनुष्याचं लाकूड या मुलखात असंच वाळवतात, आणि ते वाळवायला सगळे पाडे इथंच आणतात. याचं कारण जेरमी नावाची एक बाई होती, असं सांगतात.

जेरमीचा नवरा फुलज्या धनुष्यं करायचा. थंडीत पानं गळली की धामण तोडायची, टोकं लाखेनं बंद करायची आणि सावलीत वर्षभर विसरून जायची. मग फांदी मधोमध चिरायची आणि वाळताना पिळवटू नये म्हणून सरळ बांबूला करकचून बांधायची. जेरमी हे सगळं त्याच्या बरोबरीनं करायची. दोघांना मूलबाळ नव्हतं. जेरमीचा धाकटा भाऊ वेस्त्या, त्यालाच दोघांनी वाढवलं होतं.

त्या काळी पाड्यावर गुमान नाईकाचा हुकूम चाले. नदीपलीकडच्या लोकांशी त्याचं जुनं वैर. एका उन्हाळ्यात त्याला चढाईची घाई झाली आणि त्यानं फुलज्याला सांगितलं, "पावसाआधी सगळ्या गड्यांना धनुष्यं हवीत."

"लाकूड ओलं आहे, नाईक. पुढच्या वर्षी देतो."

"ओलं आहे ना? मग वाळव."

"ते आपल्या वेळेनं वाळतं."

गुमान हसला, असं सांगतात. त्यानं ताज्या तोडलेल्या धामणीचा भारा कड्याच्या माथ्यावर उन्हात टाकायला लावला, आणि त्या भाऱ्याला फुलज्याला बांधायला लावलं. "आधी कोण वाळतं बघू," तो म्हणाला. दोर बांधले ते पाड्यातल्याच गड्यांनी. वेस्त्याच्या हातातही दोराचं एक टोक होतं. त्यानं मान फिरवली, पण दोर सोडला नाही. जेरमीनं ते पाहिलं. पाणी घेऊन ती वर धावली तेव्हा गड्यांनी तिला अडवलं आणि मडकं खडकावर आपटून फोडलं. सांडलेलं पाणी नवऱ्याच्या पायापर्यंत गेलं नि तिथंच सुकलं.

फुलज्या लाकडाच्या आधी मेला.

तेराव्याच्या आत गुमान तिच्या दारात उभा राहिला. "लाकूड आता उन्हानं कडक झालंय. धनुष्यं तू कर."

जेरमी "हो" म्हणाली. तिनं इतक्या सहज हो म्हटलं की शेजारणींना तिचा राग आला, म्हणे.

मग तिनं जे केलं ते फुलज्यानं जन्मात केलं नसतं. ओल्या फांद्यांची साल तिनं सोलून काढली आणि त्या तापल्या खडकावर पसरल्या. बघता बघता लाकडाच्या अंगावर केसासारख्या चिरा उमटल्या. त्या चिरांत तिनं लाकडाचा भुसा आणि वितळलेली लाख दाबून भरली, वरून दगडानं घासलं, मोहाच्या बियांचं तेल चोळलं. धनुष्यं अशी झळकू लागली की बघणाऱ्याचा हात आपोआप पुढं जावा. पहिला बाण त्यांनी सोडला असता, दुसराही सोडला असता. पुढं त्यांचा भरवसा नव्हता.

एक धनुष्य मात्र खरं होतं. फुलज्यानं स्वतःसाठी वर्षभर सावलीत ठेवलेली एकच फांदी कपारीत उरली होती. ती तिनं वेस्त्यासाठी तासली.

वेस्त्या तिला भेटायला कपारीत आला तेव्हा ती तेल चोळत बसली होती. तो कपारीच्या तोंडाशी चोरासारखा उभा राहिला.

"अक्का, माझ्याशी बोलत नाहीस?"

ती मान खाली घालून म्हणाली, "वाटणीच्या वेळी भिंतीकडचं शेवटचं उचल. मुठीवर तांबडं सूत आहे ते."

"का? त्यात काय आहे?"

"तुझ्या भावजींचं लाकूड आहे."

एवढंच तिनं सांगितलं. पुढचं सांगितलं असतं तर त्यानं ते मित्रांना सांगितलं असतं, तो तसाच होता. आणि त्या मित्रांनीच फुलज्याच्या मनगटावर गाठी मारल्या होत्या.

वाटणीच्या दिवशी धनुष्यं कपारीच्या भिंतीला ओळीनं टेकवून ठेवली होती. गुमान म्हणाला, "ओढून दाखव." जेरमीनं एक उचललं आणि दोरी छातीपर्यंत ओढली. कानापर्यंत ओढली नाही. कुणाच्या ते लक्षात आलं नाही. गडी पुढं सरसावले. वेस्त्यानं तांबड्या सुताच्या मुठीला हात घातला आणि गुमान म्हणाला, "थांब. ते मला."

वेस्त्यानं बहिणीकडं पाहिलं. शब्द तिच्या ओठांपर्यंत आला होता. बोलली असती तर भाऊ वाचला असता कदाचित, आणि फुलज्याला मारणारे सगळेच वाचले असते. ती गप्प राहिली. वेस्त्याला वाटलं, अक्का नाराज आहे ती चांगलं धनुष्य गेलं म्हणून. तो तिच्याकडं बघून हसला, शेजारचं उचललं नि निघाला.

नदीच्या उतारावर गाठ पडली. थोड्याच वेळात धनुष्यं काटक्यांसारखी मोडायला लागली. पलीकडचे लोक कुऱ्हाडी घेऊन पाण्यात उतरले. रिकाम्या हातांची ती माणसं त्यांनी गुडघाभर पाण्यात तोडली. एकटा गुमान मागं मागं सरत, बाण सोडत परत आला. त्याचं धनुष्य कुरकुरलंसुद्धा नाही.

बायका नदीवर गेल्या आणि आपापली माणसं उचलून कड्याखाली घेऊन आल्या. रायली नावाच्या बाईचे तिन्ही मुलगे त्यात होते. वेस्त्याच्या तळहातात धामणीची कपची रुतलेली होती. जेरमीनं ती आपल्या हातानं उपसली. तुटलेल्या लाकडाच्या आत लाख चकाकत होती. रायलीनं ते पाहिलं.

"हे काय आहे, जेरमी?"

जेरमीनं सगळं सांगितलं, काही लपवलं नाही. तेवढ्यात गुमान म्हणाला, "मला संशय आलाच होता. हिची नजर त्या तांबड्या मुठीवरून हलत नव्हती. म्हणून ते मी घेतलं."

रायली त्याच्याकडं वळली. "संशय आला, तरी बाकीची माझ्या पोरांच्या हातात दिलीस?"

बायका तिन्ही बाजूंनी पुढं आल्या. तो कड्याच्या वाटेनं वर पळाला, त्या मागं चढल्या. माथ्यावर त्यानं बाण लावला, पण कुणावर नेम धरायचा ते त्याला कळेना. त्यांनी त्याला धनुष्यासकट खाली ढकललं.

मग जेरमी स्वतःच कड्याच्या टोकाशी जाऊन उभी राहिली. ती डोळे मिटून वाट बघत होती. रायलीनं तिला केसाला धरून मागं ओढलं.

"तुला एवढ्यात सुटका नाही. मोठी होणारी पोरं आहेत पाड्यात. त्यांच्यासाठी धनुष्यं कर. नीट कर. प्रत्येक आधी तू ओढायचं, कानापर्यंत, आमच्या डोळ्यांदेखत. मोडलं तर तुझ्या तोंडावर मोडेल."

जेरमी त्या कपारीत राहू लागली. बायका तिला भाकरी आणून द्यायच्या, पण तिच्याशी कुणी बोललं नाही, कधीच. तिनं पुष्कळ धनुष्यं केली आणि एकही मोडलं नाही. म्हातारपणी तिचा उजवा गाल दोरी घासून घासून चामड्यासारखा झाला होता, म्हणे. येणाऱ्या प्रत्येक बाईला ती विचारायची, "आता पुरे का गं?" बाई भाकरी ठेवून निघून जायची.

आजही धनुष्य नेणाऱ्याची आई सोबत येते. करणारा तिच्यासमोर दोरी कानापर्यंत ओढून दाखवतो, मग धनुष्य खाली दगडावर ठेवतो. हातात देत नाही. आई ते उचलते आणि मागं न बघता उतरायला लागते. करणारा कितीही चांगला असो, कुणाचा सख्खा भाऊ असो, त्या वेळी त्याच्याशी एक शब्दही कुणी बोलत नाही.