येसबाची पेरणी

फार फार वर्षं झाली. सातासमुद्रापलीकडं मोठी लढाई पेटली होती आणि चिलारवाडीच्या घराघरातला कर्ता गडी पलटणीत भरती होऊन गेला होता. घाटाखालचं ते लहानसं गाव. मागं राहिल्या बायका, म्हातारी माणसं, पोरंबाळं, आणि एक येसबा धुमाळ.

येसबाही शिपाईच होता. पण बोटीवर चढायच्या आधीच एका खेचरानं त्याच्या गुडघ्यावर लाथ घातली आणि पाय कायमचा ताठला. सरकारनं त्याला घरी धाडलं नाही, लढाईवरही नेलं नाही. गावाच्या वर पठारावर लष्करी खेचरांचा तळ होता. तिथं नवी खेचरं यायची, येसबानं त्यांना ओझं वाहायला शिकवायचं, आणि ती शहाणी झाली की बोटीनं लढाईवर जायची. असं म्हणतात, की कसलंही नाठाळ खेचर असो, येसबानं त्याच्या कानाशी तोंड नेलं की ते मेंढरासारखं मागं चालायचं. तो काय बोलायचा, ते कुणालाच कळलं नाही.

गावात मात्र त्याला मान नव्हता. सुट्टीला खाकी घालून तो पारावरनं गेला की बायका तोंड फिरवायच्या. सारजाबाई तर पाणवठ्यावर सगळ्यांदेखत म्हणाली, "आमची माणसं तिकडं गोळ्या झेलत्यात, भावजी, आन तुमी हितं खेचरांच्या शेपट्या धरून बसलाय." तिचा नवरा धोंडजी लढाईवर होता, आणि वर्षभर त्याची खुशाली आली नव्हती. येसबानं तळाची वाट धरली. तिचं बोलणं त्याला खरं वाटत होतं, तेच त्याचं दुखणं होतं.

त्या उन्हाळ्यात गुरांवर बुळकांड्याचा रोग आला. गोठेच्या गोठे रिकामे झाले. पुढं पाऊस पडला, रानाला वाफसा आला, आणि पेरणीची पाभर ओढायला गावात एक बैल उरला नाही. पेर चुकली तर वर्षभर खायचं काय? बायकांनी जू आपल्याच खांद्यावर घेतलं. येसबानं कड्यावरून पाहिलं, सारजाबाई आणि तिची म्हातारी सासू जुवाला लागल्या होत्या. चार पावलं गेलं की म्हातारी खाली बसत होती.

तो तसाच तळावरच्या साहेबापुढं उभा राहिला आणि चार दिवस खेचरं मागितली. साहेब काही वाईट माणूस नव्हता. पण म्हणाला, ही सरकारची खेचरं लवकरच बोटीवर चढायची, ती शेतात झिजवता यायची नाहीत. येसबानं सलाम ठोकला. दुसऱ्या दिवशी रोजच्यासारखी खेचरं फिरवायला काढली, आणि थेट घाट उतरून गावात आणली.

बैलाला वशिंड असतं, त्याला जू अडतं. खेचराला वशिंड कुठलं? म्हणून येसबानं गोणपाटात गवत भरून गळपट्टे शिवून आणले होते. ते त्यांच्या गळ्यात घातले, एकेकाच्या कानाशी गेला, आणि ज्यांनी जन्मात रान पाहिलं नव्हतं ती खेचरं सरळ रेषेत चालू लागली. रोज तो तसाच यायचा. असं म्हणतात, की त्या दिवसांत येसबा एकाच वेळी सगळ्या शिवारात दिसायचा. ओढ्याकडच्या बायका सांगायच्या, तो आमच्या पाभरीवर होता. माळाकडच्या म्हणायच्या, छे, तो तर दिवसभर आमच्याकडं होता. आणि त्या दिवसांत त्याला लंगडताना कुणी पाहिलं नाही.

सारजाबाईनं मात्र त्याला बोलावलं नाही. कुठल्या तोंडानं बोलावणार? तिचंच रान तेवढं राहिलं, आणि बातमी तळावर पोचली. येसबाला कोठडीत घातलं, आणि ते गावालाही कळलं.

त्या दिवशी खेचरांनी चंदीला तोंड लावलं नाही. ऊन वर आलं तशी त्यांनी दावी तोडली आणि कुणी हाकत नसताना, एकामागं एक, घाट उतरली. येऊन उभी राहिली ती सारजाबाईच्या रानात. तिनं शेजारच्या बांधावर राहिलेले गळपट्टे चढवले आणि पेर धरली. मागोमाग घोड्यावरून साहेब आला, तशी ती पाभर सोडून त्याच्यापुढं गेली.

"सायेब, आमची माणसं तुमच्या लढाईवर हायती. त्यांची पोरं येसबानं जगवली. कोंडायचंच तर मला कोंडा. मी त्याला नावं ठेवली हुती."

साहेब घोड्यावरून उतरला आणि रान पेरून होईपर्यंत बांधावर उभा राहिला. मग येसबाला त्यानं सोडलं. कायदा म्हणून त्याच्या दंडावरची बढतीची फीत तेवढी काढून घेतली. येसबा अखेरपर्यंत साधा शिपाईच राहिला.

खेचरं बोटीकडं निघाली तेव्हा बायकांनी त्यांना ओवाळलं, गूळभाकरी चारली. येसबा मुलं सासरी धाडल्यासारखा रडला. त्या साली बाजरी अशी आली, की कणसाचा भार ताटाला पेलेना.

लढाई संपली. काही जण परतले, काही तिकडंच राहिले. धोंडजी एक हात गमावून आला. घरात शिरला तर कणगी भरलेली आणि पोरं गुटगुटीत. सारजाबाईनं त्याला सगळं सांगितलं. दुसऱ्या दिवशी परतलेले सगळे शिपाई वर्दी चढवून येसबाच्या दारात रांगेनं उभे राहिले आणि त्यांनी त्याला सलाम केला. येसबा ओशाळला. म्हणाला, "मी तर लढाई बघितली बी न्हाय रं."

"आमी बघितली," धोंडजी म्हणाला. "तिथं मरणाचं भ्या न्हवतं येसबा, घराचा घोर हुता. ते घर तू राखलंस."

येसबा जाऊनही आता कैक वर्षं झाली. चिलारवाडीत आता ट्रॅक्टर आलेत. पण वाफसा आला की गावात आधी आपलं रान कुणी पेरत नाही. ज्या घरचा माणूस फौजेत आहे, परमुलखात आहे, नाहीतर दवाखान्यात पडून आहे, त्याच्या रानात सगळं गाव उतरतं. त्याला येसबाची पेरणी म्हणतात. ती झाल्यावरच बाकीची पेरणी सुरू होते.