म्हशीनं काढलेली वाट

एका नदीकाठच्या गावात एक लई रागीट गडी ऱ्हायचा. घराचं दार अडलं तर दाराला लाथ घालायचा. दार तसंच, पाय मातूर सुजायचा.

त्याच्या लेकीचं लगीन पल्याडच्या गावात ठरलं. मुहूर्त दिस मावळतीचा. लेकीला आंदण घरची म्हस द्यायची व्हती. आदल्या दिशी नवी कापडं भिजाय नगंत म्हणून वऱ्हाड नावंतनं गेलं, म्हशीचं रेडकूबी गेलं. म्हस काय नावंत मावंना. गडी म्हणला, "हिला मी उद्या चालवत आणतो. गुडघाभर तर पाणी."

सकाळी बघतो तर पाणी छातीच्या वर चढलेलं! नाव पल्याड, आन् नावाडी काय ती सोडंना.

गड्यानं दावं धरलं आन् नेहमीच्या उतारावर म्हशीला वढाय लागला. म्हस मान फिरवून नदीच्या वरल्या अंगाला चालाय बघायची. हा खाली वढायचा.

"आगं भवाने, रेडकू समोर वरडतंय आन् तू कुठं चाललीस?"

दुपार कलली. हाताची सालं निघाली, म्हस तिथंच.

झाडाखाली एक बैरागी बसला व्हता. तो म्हणला, "बाबा, वढू नगंस. सोडून दे. नदी उतरंल तवा उतरंल."

"तुमी कवाधरनं बसलाय, महाराज?"

"चार दिस झालं. मलाबी पल्याड जायचंय."

"आवं, काल तर गुडघाभर पाणी व्हतं! तवा का न्हाय गेलासा?"

"तवा डोळं मिटलेलं व्हतं."

तेवढ्यात एक म्हातारी आपली म्हस घिऊन आली. ऱ्हायला पल्याडचीच, घरला निघालेली. दोघांकडं बघून ती खो खो हसली.

"आरं शाण्या, हितनं शिरलास तर धार तुला लांब खाली नील. वरनं शिरलं की तीच धार समोर नीती. तुज्या म्हशीला कळतंय, तुला न्हाय. दावं सोड, शेपूट धर!"

"सोडली आन् पळाली तर? लेकीला काय दिऊ?"

"रेडकू पल्याड हाय. कुठं पळतीय ती? पर पाय मारत ऱ्हा, न्हायतर बुडशील. आन् महाराज, तुमीबी उठा! सोडणं म्हंजी बसून ऱ्हाणं न्हवं. माझ्या म्हशीला धरा."

गड्यानं दावं सोडलं. म्हस तरातरा वर गेली आन् धाडकन पाण्यात. हा मागं शेपटीला.

मधल्या धारंत म्हस खाली सरकाय लागली. गड्याचं डोस्कं फिरलं. "सरळ चल की!" म्हणून त्यानं शेपूट पिरगाळलं. म्हशीनं असा हिसका दिला का गडी बुडाला, चार घोट पाणी प्याला. मग मातूर गुमान पाय मारत ऱ्हायला.

धारंनं दोघांस्नी बरूबर रेडकापाशी नेऊन टाकलं! रेडकू आचळाला लागलं. दिस अजून बांबूभर वर व्हता. वाजंत्री वाजाय लागली.

लेक पळत आली आन् पोट धरून हसली. "आबा, पटक्यात मासा हाय!"

गडी हसला. लई वरसांनी हसला. बैरागीबी पोचला आन् जेवणाच्या पंगतीला सगळ्यांच्या आधी बसला.

चार दिसांनी गडी घरी आला. दार अडलेलं. त्यानं लाथ उचलली, मग खाली ठिवली. दार जरा वर उचलून ढकललं. उघडलं!

तात्पर्य: जिला वाट ठावं हाय तिचं दावं सोडा, पर आपलं पाय मारायचं सोडू नगा.