उशिरा फुटणारे अक्रोडाचे झाड

पूर्वी हिमालयाच्या पायथ्याच्या एका नगरात सुबाहू राजा राज्य करीत असताना बोधिसत्त्व त्याच्या अक्रोडबनांचा अधिकारी होता.

तिथे एक रीत होती. चैत्री पौर्णिमेपर्यंत ज्या झाडाला पालवी फुटत नसे, ते वांझ ठरवून तोडत आणि लाकूड अधिकाऱ्याला देत. अक्रोडाचे लाकूड मोलाचे. तेव्हा ही रीत मोडावी असे कोणाही अधिकाऱ्याला वाटले नाही, यात नवल ते काय!

एका वर्षी थंडी लांबली. पौर्णिमा आली तरी मंजरिका नावाच्या म्हातारीचे झाड उघडेच होते. बारीक खोडाचे ते एकच झाड. त्याच्या फळांचे तेल काढून ती पोट भरी. कुऱ्हाडवाले आले तशी ती बुंध्याला टेकून बसली.

"ते सावकाश उठतं, बाबा. माझ्यासारखंच," ती बोधिसत्त्वाला म्हणाली.

बोधिसत्त्वाने दहा वर्षे एकेका झाडाची फळे फोडून पाहिली होती. त्याने सगळीकडच्याच कुऱ्हाडी थांबवल्या आणि गेल्या शरदातल्या अक्रोडांच्या दोन टोपल्या, एक राजबनातली आणि एक म्हातारीच्या झाडाची, घेऊन तो राजाकडे गेला.

राजाने साहजिकच मोठा अक्रोड उचलला. तो राजबनातल्या सर्वांत जाड झाडाचा होता. दगडाचे चार घाव बसले तेव्हा कवच फुटले. आत सुकलेला, कोपऱ्यात चिकटलेला गर. म्हातारीचा लहानसा अक्रोड मुठीत दाबताच फुटला आणि गर अखंड निघाला.

"बडा घर पोकळ वासा," राजा हसला. "पण पालवीचं काय?"

"महाराज, खोडाच्या घेरावरून गर कळत नाही, फळाच्या आकारावरूनही नाही. आणि जे उशिरा फुटतं त्याचा फुलोरा हिमातून वाचतो, असं मी पाहिलंय. पंधरा दिवस द्या. झाड फुटलं नाही, तर मला पदावरून काढा."

राजाने मुदत दिली. नवव्या दिवशी पहाटे हिम पडले आणि राजबनातला सगळा फुलोरा काळा पडला. तेराव्या दिवशी मंजरिकेच्या झाडाला पालवी आली. त्या शरदात नगराने अक्रोड खाल्ले ते अशा उशिरा जागणाऱ्या झाडांचेच.

राजाने रीत बंद केली. मग त्याने विचारले, "आजवर अशी किती चांगली झाडं तोडली असतील?"

"कोणी मोजली नाहीत, महाराज. पहिल्या वर्षी मीही एक तोडलं; खोड आतून ओलं, जिवंत निघालं. माझ्या घराचा दरवाजा त्याचाच आहे. रोज उघडताना लाज वाटे, म्हणून फळं फोडून पाहू लागलो."

ही पूर्वजन्माची कथा सांगून शास्ते म्हणाले, "भिक्षूंनो, तेव्हाचा राजा म्हणजे आजचा आनंद, मंजरिका म्हणजे भिक्षुणी मुदिता, आणि तो अधिकारी मीच. त्या दरवाजाने मला शिकवली, ती प्रज्ञा."